वाचकांचे प्रश्न : मचाण कधी हलवावे?

या वेळच्या टपालात हरणांच्या शिकारीविषयीची चार पत्रे आहेत आणि चारही पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : झाडावर बांधलेले मचाण, ज्याला अमेरिकेतील आपले वाचक सरसकट ‘स्टँड’ म्हणतात, ते आहे तिथेच ठेवावे की हलवावे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे खालील मजकूर अमेरिकेतील परवाना घेऊन केलेल्या शिकारीपुरता आणि व्हाइटटेल या एकाच हरणापुरता आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि शिकारीचा हा माझा दुसराच हंगाम आहे. एका स्नेह्यांच्या साठ एकर रानात धनुष्याने शिकार करण्याची परवानगी मला मिळाली आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्या सोयाबीनच्या शेतात रोज संध्याकाळी दहा-बारा हरणे उतरताना मी पाहिली, म्हणून शेताच्या कडेला एका सरळ वाढलेल्या ओकला शिडीचा स्टँड लावला. हंगाम सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांत नऊ संध्याकाळी तिथे बसलो. दोन माद्या लांबून गेल्या, एवढेच. ट्रेल कॅमेऱ्यात (झाडाला बांधलेला, हालचाल दिसताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) नर दिसतात, पण रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान. स्नेही म्हणतात, धीर धरा. ऑफिसमधले एक जुने शिकारी म्हणतात, आजच हलवा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘ऑगस्ट’ हा आहे आणि तो तुम्ही ओघात सहज लिहून गेला आहात. ऑगस्टमध्ये सोयाबीनचा पाला हिरवा आणि कोवळा असतो, नर अजून मखमलीसारखी मऊ कातडी पांघरलेल्या शिंगांनी टोळक्याने हिंडत असतात आणि उजेडी शेतात उतरायला त्यांना फारसा संकोच वाटत नाही. सप्टेंबरमध्ये पाला पिवळा पडू लागतो, शिंगांवरची मखमल गळते, टोळकी फुटतात आणि त्यांतले काही नर तर उन्हाळ्यातला मुलूख सोडून दुसऱ्याच भागात जाऊन राहतात. त्याच सुमारास पांढऱ्या ओकची फळे गळू लागतात. त्यांत तुरट टॅनिन कमी असल्याने हरणे त्यांच्यावर तुटून पडतात. तांबड्या ओकची फळे अधिक कडवट, ती मागे उरतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी खाल्ली जातात. थोडक्यात, ज्या पंगतीसाठी तुम्ही जागा धरून बसला आहात, ती पंगत केव्हाच उठली आहे.

म्हणून हलवावे की नाही याचा निर्णय मी बैठका मोजून करत नाही. ज्या कारणासाठी मचाण त्या झाडावर चढवले, ते कारण आज शिल्लक आहे का, एवढेच विचारतो. कारण शिल्लक असेल तर पंधरा रिकाम्या संध्याकाळींनंतरही ते तिथेच राहू द्यावे आणि नसेल तर दोन संध्याकाळी पुरेत. धीर धरणे ही शिकारीतली मोठी गोष्ट आहे खरी, पण मोडलेल्या आडाख्यावर धीर धरणे म्हणजे गाडी सुटून गेल्यावर फलाटावर बसून राहणे.

मचाणावरून काही दिसत नाही तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडत असते आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली म्हणजे हरणे त्या भागात येतच नाहीत. ताज्या लेंड्या नाहीत, पायवाटेवर पाने साचली आहेत, चिखलात खुरांचे जुने, कडा ढासळलेले ठसेच काय ते आहेत. अशा वेळी थोडेफार इकडेतिकडे सरकून उपयोग नाही. खाद्य कुठे आहे ते शोधून तिथे जावे लागते. दुसरी गोष्ट, हरणे येतात पण अंधारात. तुमचा कॅमेरा हेच सांगतो आहे. पेनसिल्व्हेनियात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची वेळ असते. त्यानंतर आलेले हरण तुमच्या कामाचे नाही. मात्र रात्री अकराला शेतात उभा असलेला नर संध्याकाळी साडेपाचला कुठेतरी असतोच. तो दिवसभर दाट झुडपात रवंथ करत बसलेला असतो, कलत्या उन्हात उठतो, आळसावतो आणि शेताकडे येता येता रानाच्या आतल्या आडोशाला रेंगाळतो. उघड्यावर पाऊल टाकतो तो काळोख पडल्यावरच. त्याच्या बसण्याच्या जागेपासून शेतापर्यंतच्या वाटेवर तुम्ही मागे सरकायला हवे, शेतापासून शंभर ते दीडशे यार्ड आत. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती मान्य करणे जिवावर येते : हरणे तिथे आहेत, दिवसाही आहेत, पण त्यांना तुमचा ठावठिकाणा कळला आहे.

ही तिसरी गोष्ट ओळखण्याची एक खूण आहे. मादी वाटेने येते, तुमचा वास तिला अजून लागलेला नसतो, कारण वारा तिच्याकडून तुमच्याकडे आहे, आणि तरीही ती चाळीस यार्डांवर थबकून मान वर करते आणि नेमकी तुमच्या झाडाकडे पाहते. मग मान खाली घालून चरण्याचे सोंग करते, पुन्हा झटकन वर पाहते आणि पुढचा पाय जमिनीवर आपटते. ही मादी तुम्हाला आज पाहत नाही. पूर्वी कधीतरी तिने तिथे माणूस पाहिलेला आहे आणि ती फक्त खात्री करून घेते आहे. असे एकाच मचाणावर दोनदा घडले की मी तिसऱ्यांदा त्या झाडावर चढत नाही.

आता तुमच्या नऊ संध्याकाळींकडे वळू. त्यांतल्या किती संध्याकाळी वारा योग्य होता, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला वाटते, तुम्ही ते टिपलेलेही नसावे. एक लहान वही ठेवा आणि प्रत्येक बैठकीची तारीख, वाऱ्याची दिशा, काय दिसले आणि ते कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेले, एवढे चार शब्द लिहा. नऊपैकी सहा बैठका उलट्या वाऱ्यात झाल्या असतील, तर तुम्ही ते मचाण नऊ वेळा नव्हे, तीनच वेळा पारखले. उरलेल्या सहा वेळा हरणांना तुमची ओळख करून दिली.

शिवाय हवामानाच्या अंदाजात दिसतो तो वारा आणि रानातली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी ऊन चढले की उताराची जमीन तापते आणि हवा वर चढू लागते. संध्याकाळी तीच हवा थंड आणि जड होऊन उतारावरून घळीत ओघळते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मिल्कवीडचे एखादे सुकलेले बोंड खिशात ठेवा. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली. लहानपणी ज्या पांढऱ्या ‘म्हाताऱ्या’ हवेत पकडायला आपण धावत होतो, तशाच रेशमी शेपट्या तिच्या बियांना असतात. डोंगराच्या सोंडेवरच्या माझ्या एका जुन्या मचाणावरून मी एका संध्याकाळी अशी म्हातारी सोडली. अंदाजाप्रमाणे वारा पश्चिमेचा होता आणि ती पंधरा-वीस पावले मुकाट पूर्वेकडे गेली. मग ती हवेत अडखळली, वळली आणि सावकाश खाली उतरत, पायऱ्या उतराव्यात तशी, थेट त्या घळीत शिरली जिथून हरणे वर येतील या आशेवर मी दोन शरद काढले होते. ते झाड मी का निवडले होते, हेही सांगायला हवे : ते सरळ होते, चढायला सोपे होते आणि पाठ टेकायला छान होते. तुमच्या पत्रातला ‘सरळ वाढलेला ओक’ वाचून मला त्याचीच आठवण झाली. आपण पुष्कळदा हरणांसाठी नव्हे, शिडीसाठी झाड निवडतो.

तेव्हा तुम्ही पुढीलप्रमाणे करावे असे मला वाटते. भर दुपारी, शक्यतो रिमझिम पावसात किंवा पाने सळसळतील अशा वाऱ्यात, शेतातून निघणाऱ्या सर्वांत ठळक पायवाटेने मागे आत चाला. पांढऱ्या ओकची पाने गोलसर खाचांची असतात, तांबड्याची टोकदार. गोल पानांच्या झाडाखाली फळांची फुटकी टरफले आणि ओल्या लेंड्या एकत्र दिसल्या की थांबा. अशा झाडापासून वीसेक यार्डांवर, संध्याकाळची हवा हरणांच्या वाटेवर ओघळणार नाही अशा बाजूला, हलका स्टँड टांगा. दाट झुडपात मात्र शिरू नका. बसलेला नर एकदा उठवला की तो लवकर परत येत नाही. शेतकडेची शिडी काढण्याची घाई नको. सोयाबीनची कापणी न होता काही ओळी उभ्या राहिल्या, तर कडाक्याच्या थंडीत वाळलेल्या शेंगांसाठी हरणे पुन्हा त्या शेतात येतील आणि तेव्हा तीच शिडी उपयोगी पडेल.

तुमच्या स्नेह्यांचा सल्लाही मी सरसकट खोडून काढत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नर माजावर येतात आणि मादीच्या शोधात दिवसाढवळ्या, अनोळखी रानांतून धावत सुटतात. दोन टेकड्यांमधली खिंड, ओढ्याचा उतार, दोन रानांना जोडणारी झाडांची चिंचोळी पट्टी अशा जागी मचाण असेल आणि वारा बरा असेल, तर त्या दिवसांत काही न दिसताही पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसून राहावे. तिथे रिकामा गेलेला कालचा दिवस आजच्या दिवसाविषयी काहीच सांगत नाही, कारण आज येणारा नर काल दोन मैल दूर होता.

प्रश्न : विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा हंगाम नऊच दिवसांचा असतो. पहिले दोन दिवस काहीच दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी स्टँड हलवावा का? मी सरकारी जमिनीवर शिकार करतो.
— एक वाचक, मॅडिसन

उत्तर : हलवावा, आणि फार विचार न करता हलवावा. हा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे माजाचा भर ओसरत असताना. पहिल्या शनिवार-रविवारी रानात माणसांची इतकी वर्दळ असते की हरणे खाद्याच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वागतात. त्या दोन दिवशी मी जागा सोडणार नाही, विशेषतः दुपारी. इतर लोक जेवायला गाडीकडे निघतात आणि त्यांच्या पावलांनी उठलेली हरणे न उठणाऱ्या शिकाऱ्याकडे येतात. सोमवारपासून चित्र पालटते. माणसे घरी जातात, हरणे मात्र पाणथळीतल्या पाणकणसांच्या दाटीत, दलदलीतल्या कोरड्या उंचवट्यांवर, वाहनतळाला अगदी लागून असलेल्या आणि म्हणूनच कोणी न पाहिलेल्या झुडपांत दडून राहतात. मोकळ्या ओकच्या रानात तुमचा स्टँड असेल तर तिथे मंगळवारी बसण्यात अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत कायदाच निम्मा निर्णय करतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या जमिनींवर हायवे 64 च्या दक्षिणेला स्टँड रात्रभर सोडता येत नाही. उत्तरेला ओळख-क्रमांक लावून ठेवता येतो. रोज तो पाठीवर घेऊन यायचाच आहे, तर कालच्याच झाडाकडे पाय वळले पाहिजेत असे कुठे आहे? फक्त एक काळजी घ्या. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो आणि पाठीवरच्या स्टँडने नेमका तोच झाकला जातो. स्टँडच्या मागच्या बाजूला एक नारिंगी फडके बांधा. हरणांना तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. समोरच्या टेकडीवरच्या शिकाऱ्याला दिसतो.

प्रश्न : माझ्या स्टँडपासून दोनशे यार्डांवर नराने खुरांनी उकरलेली मोठी ताजी जागा सापडली. वरची फांदीही चघळलेली आहे. लगेच तिथे जावे का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : तारखेवर अवलंबून आहे. माजाच्या सुमारास नर आपल्या वासाची खूण ठेवण्यासाठी जमीन उकरतो आणि वरची फांदी चघळतो. अशी उकरलेली जागा पाहून भल्याभल्यांचा तोल जातो, पण या जागांना नर बहुतेक वेळा रात्रीच भेट देतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सापडली असेल तर नोंद करा आणि सोडून द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, झाडीच्या आत आणि बसण्याच्या दाटीजवळ सापडली असेल, तर वारा जुळताच जा, कारण माद्या माजावर येण्याआधीचे ते थोडे दिवस नर या जागांभोवती सर्वाधिक घोटाळतात. माद्या माजावर आल्या की नर उकरणे सोडून त्यांच्या मागे लागतो आणि तुम्ही सुकलेल्या मातीवर पहारा देत बसता. शेताच्या उघड्या कडेवरच्या जागेसाठी तर मी कधीच स्टँड हलवत नाही.

प्रश्न : हरणे दोनदा माझ्या टप्प्याबाहेरून, साधारण पन्नास यार्डांवरून, एकाच वाटेने गेली. हंगामाच्या मध्यात स्टँड हलवला तर गडबडीने उरलीसुरली हरणेही बिथरतील अशी भीती वाटते. शिवाय एकट्याने हे काम करावे का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : दोनदा एकाच वाटेने, एकाच वाऱ्यात, असे असेल तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका. आपल्या मचाणाची जागा चाळीस पावलांनी चुकली आहे, हे हरणे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगतात. बिथरण्याची भीती रास्त आहे, पण हरणांना एका दुपारच्या खुडबुडीपेक्षा रोजच्या ठराविक वेळेचा माणूस अधिक खटकतो. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान जा, रबरी बूट घाला, साखळ्या आणि बकले फडक्यात गुंडाळा म्हणजे धातू वाजणार नाही आणि फांद्या कापायच्याच असतील तर बाण जाण्यापुरत्या दोन-तीन कापा. कापण्याआधी जमीनमालकाला विचारा. खोडात रुतणाऱ्या स्क्रूच्या पायऱ्या तर परवानगीशिवाय लावूच नका.

शिडीचा स्टँड एकट्याने हलवू नका, याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. शिडी उभी करताना ती खोडाला टेकून धरणारा एक माणूस खाली हवाच. हलका टांगता स्टँड एकट्याने लावता येतो, तोही पूर्ण अंगाचा हार्नेस (पडल्यास धरून ठेवणारे पट्टे) घालून, खोडाला बांधलेल्या दोरीत पहिल्या पायरीपासून अडकून. पडण्याचे प्रसंग वर बसलेले असताना येतात तसेच शिडीवरून स्टँडवर पाय टाकताना आणि स्टँड बांधता-सोडताना येतात आणि नेमक्या त्याच वेळी लोक हार्नेस सोडून ठेवतात. धनुष्य किंवा बंदूक हातात घेऊन चढू नका. वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्या, बंदूक रिकामी करून.

नवे झाड निवडताना तुमच्या राज्यात एक जास्तीची अडचण आहे. अ‍ॅश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला तो 2002 मध्ये मिशिगनमध्येच आणि त्याने मारलेली झाडे अजून रानांत उभी आहेत. खोड सरळ, बुंध्याची जाडी नेमकी हवी तेवढी, खालच्या फांद्या नाहीत. मचाणासाठी यापेक्षा मोहक झाड मिळणार नाही. पण सुतार पक्ष्यांनी साल सोलून फिकट चट्टे पाडलेले दिसले, किंवा शेंड्याकडच्या बारीक फांद्या मोडून गेलेल्या दिसल्या, तर त्याला हात लावू नका. मेलेले अ‍ॅश फार ठिसूळ होते आणि पूर्वसूचना न देता कोसळते.

जुन्या झाडावरून स्टँड सोडताना पट्टे नीट पाहा. उन्हाने रंग उडालेला, खारींनी कुरतडलेला, किंवा झाड वाढल्यामुळे खोडात रुतून ताणलेला पट्टा नव्या झाडावर पुन्हा लावायचा नाही. तो तिथेच कापा, तुकडे खिशात घाला आणि घरी पोचल्याबरोबर कचऱ्यात टाका. ट्रकच्या मागे टाकू नका. ट्रकच्या मागे टाकलेला पट्टा पुढच्या ऑक्टोबरमध्ये, अंधारात, घाईच्या वेळी पुन्हा हाताशी येतो.